पंपाच्या छतावरची कातडी

"डिझेलच्या डब्यांपायी गावाची कमाई शहरात जात होती. आता ऊन आपलं, पाणी आपलं, म्हणून पैसाही गावातच राहतो!" पाणी संघाचा चिटणीस लहबीब भलताच रंगात आला होता. "कासाब्लांकाला गेलेली पोरं परत येऊन शेती करतायत. ऑलिव्हचा घाणाही उन्हावर चालला, तर आणखी दहा घरांची पोटं भरतील."

प्रांताकडून आलेली इंजिनियर वफा मान डोलवत होती. घाण्यासाठीच्या सौर पॅनेलचं काम तिच्या सहीसाठी अडलं होतं.

"पाणी सोडून दाखवा की," ती म्हणाली.

लहबीबनं ऐटीत पंपाचं बटण दाबलं. पाइपातून करंगळीएवढी धार आली.

"ढग आला असेल," तो म्हणाला. सगळ्यांनी वर पाहिलं. ढगाचा मागमूस नव्हता.

"मग कुणीतरी पुन्हा पंपाच्या छतावरच्या पॅनेलवर अंजीर वाळत घातले असतील!" त्यानं घोळक्यातल्या लल्ला इत्तोकडे डोळे वटारले. गेल्या महिन्यात या म्हातारीनं खरंच तसं केलं होतं. तेव्हा त्यानं तिला भर सभेत झापून तिच्याकडची छताची किल्ली काढून घेतली होती.

"किल्ली तुझ्याच कमरेला आहे रे बाबा," म्हातारी म्हणाली.

त्याचा हात कमरेला गेला आणि त्याला आठवलं. ईदच्या मेंढ्यांची दोन कातडी! कुत्री ओढतील म्हणून मीठ लावून सकाळी त्यानंच वर पसरली होती, आणि छताच्या झडपेला कुलूप लावायचंही राहिलं होतं.

"वर नका जाऊ, शिडी हलते," तो घाईघाईनं म्हणाला. तोवर वफा चढलीसुद्धा.

"ही कातडी कुणाची?" वरून आवाज आला.



"माझी गं पोरी," लल्ला इत्तो म्हणाली. "म्हातारपणी अक्कल जाते." आणि तिनं लहबीबला डोळ्यांनीच गप्प राहायला सांगितलं.

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जिला आपण चारचौघांत नको नको ते बोललो, तीच आपली लाज झाकत होती. घाणा हातचा जाईल हे कळत होतं, तरी त्याला राहवेना.

"खोटं बोलतेय ती! कातडी माझी आहेत. मीच घातली वर."

"अरे गाढवा, सही तरी होऊ द्यायचीस!" म्हातारीनं कपाळावर हात मारला.

वफानं कातडी खाली टाकली. पाइपातून भसाभस पाणी आलं आणि लहबीबच्या ईदच्या नव्या चपला भिजल्या. खाली येऊन वफानं कागद काढला.

"सही करते, पण एका अटीवर. छताची किल्ली लल्लांकडे राहील."

लहबीबनं मान खाली घालून किल्ली दिली. लल्ला इत्तोनं ती कमरपट्ट्यात खोचली, वाकून एक कातडं चाचपलं.

"माझ्या अंगणात आणून टाक, कुत्री मी हाकलीन," ती म्हणाली. "आणि मीठ कमी लावलंयस."