अंगठ्याचा जाहीर सत्कार

लोह्याच्या रामलिंगअण्णांच्या पायाचा अंगठा ठेच लागून चिघळला, तपासणीत साखर वाढलेली निघाली. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या, रोज पट्टी बदलायला सांगितली, गोड बंद केलं आणि बजावलं, "ऐकलं नाही तर अंगठा कापावा लागेल." अण्णांची पाचावर धारण बसली.

पण एवढ्या साध्या उपचारावर समाधान मानायला आपण काय अडाणी आहोत? अण्णांचे जावई सुदर्शनराव यांनी नांदेडात नुकतंच 'ओझोन पूरक उपचार केंद्र' काढलं होतं. त्यांनी सासऱ्यांचा पाय प्लास्टिकच्या पिशवीत बांधला आणि आत वायू सोडला.

"पूरक म्हंजी काय हो, जावईबापू?" अण्णांच्या पत्नी सिंधुकाकूंनी विचारलं.

"मूळ उपचार चालू ठेवायचे, मामी, आणि जोडीला हे. गुण आला तर आमचा."

"आन् न्हाई आला तर?"

"मूळ उपचारात कसूर राहिली."

काकूंनी वेळेवर गोळ्या दिल्या, पट्ट्या बदलल्या, गूळ-साखर कुलपात घातली. जखम भरली. साहजिकच ओझोनचा जयजयकार झाला. आता आपल्याकडे कुणाचं काही भलं झालं, की त्याचा सत्कार करावाच लागतो, त्याला इलाज नाही.

केंद्राने अण्णांना फेटा बांधला, शाल पांघरली आणि तोंडात पेढा कोंबला. मग 'ओझोन आणि मी' या विषयावर गावोगाव व्याख्यानं सुरू झाली. उमरीत सत्कार, पेढा. विष्णुपुरीत सत्कार, पेढे. नांदेडच्या मागे राहील ते लातूर कसलं! त्यांनी अण्णांची थेट पेढेतुला केली, आणि पारडं जरा हलकं पडलं म्हणून वर जिलेबी टाकली.

"अवं, निदान गोळी तरी घ्या!" काकू ओरडायच्या.

"गप बस! ओझोनवाला माणूस गोळ्या खाऊन राहिला, हे कुणी बघितलं तर? इज्जतीचा सवाल हाय!"

अंगठा पुन्हा चिघळला, काळा पडला. काकू रडल्या, भांडल्या, शेवटी अण्णांना ओढत सरकारी दवाखान्यात घेऊन गेल्या. तोवर फार उशीर झाला होता. अंगठा कापावा लागला.

सुदर्शनरावांनी तातडीने जाहीर केलं, 'ओझोनमुळे नऊ बोटं वाचली!' झालं, परवा त्याचाही सत्कार ठेवला. काकू तरातरा व्यासपीठावर चढल्या आणि माईक हिसकावून घेतला.

"ह्यास्नी गोळ्यांनी बरं केलं व्हतं, आन् तुमच्या पेढ्यांनी अंगठा खाल्ला! कळतंय का कुणाला?"

मागच्या रांगेतून एक सुशिक्षित गृहस्थ अदबीने उभे राहिले.

"काकू, तुमचं अगदी पटलं. पण गुडघ्यासाठी यायचं असेल, तर केंद्र किती वाजता उघडतं?"

आवाज ओळखीचा वाटला म्हणून मी वळून पाहिलं. अहो, तुम्हीच की!