पार्श्वभूमी धूसर ठेवण्याबाबत

फोटोत काय दिसावं हे कोणीही ठरवू शकतो. काय दिसू नये हे ज्याला ठरवता येतं, त्याच्या दुकानावर 'स्टुडिओ' अशी पाटी असते.

पेणमध्ये अशी पाटी दामोदर यांच्या दुकानावर आहे. त्यांनी मोठ्या तोंडाची महागडी लेन्स आणली, तेव्हापासून तालुक्याची पार्श्वभूमी झपाट्याने सुधारली. गळकी पन्हळ, वाळत घातलेलं लुगडं, न बोलावता आलेला मेहुणा हे सर्व एका क्लिकमध्ये लोण्यासारखं मऊ होतं. (मेहुण्याची तक्रार आलेली नाही. त्याला स्वतःला फोटोत शोधता आलेलं नाही.)

रोह्याचे गोपाळकृष्ण याही पुढे गेले. त्यांच्या फोटोत नाकाचा शेंडा लख्ख आणि कान धुक्यात असतात. वरसे इथल्या एका मुलाचं लग्न अशाच फोटोवर ठरलं. मुलीकडच्यांना नाक पसंत पडलं. उरलेला मुलगा त्यांनी साखरपुड्याला पाहिला.

या प्रगतीला शिस्त असावी म्हणून दामोदरांनी दुकानात नियम लावले आहेत.

१. पुढचं ते महत्त्वाचं.
२. मागचं ते मऊ.
३. (पार्श्वभूमीत गेल्यामुळे वाचता येत नाही.)
४. पुढे कोण आणि मागे कोण, हे फोटोचे पैसे देणारा ठरवतो.

चौथ्या नियमाचा आदर्श वापर पाहायचा असेल तर हमरापूरला जावं. तिथे महिपती यांचा गणपतींचा कारखाना आहे. दर वर्षी नव्या मूर्तींचे फोटो दामोदर काढतात आणि ते गावोगावच्या व्यापाऱ्यांकडे जातात. पुढे मूर्ती, मागे ब्रश धरून बसलेला कारागीर (डोळ्यांची आखणी : गोविंदा). कारागीर दिसला की माल हाताचा आहे हे गिऱ्हाइकाला पटतं. तो ओळखू आला की शेजारचा कारखाना त्याला पळवतो. म्हणून तो असावा, पण कोण ते कळू नये. इतक्या नाजूक गरजेला विज्ञानाने दिलेलं उत्तर म्हणजे लेन्स.

आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. अंगाचा रंग कोणीही मारतो. डोळ्यांना हात थरथरून चालत नाही. मागे ब्रश धरून बसलेल्या या माणसाचा हात एकवीस वर्षं थरथरला नाही. त्यामुळे घरात मोबाइल आला तेव्हा फोटो काढायचं कामही त्याच्याकडेच आलं. बारसं, हळदीकुंकू, मुलीचं, म्हणजे मालूचं, लग्न. सगळे फोटो स्थिर, सुरेख, आणि एकातही तो नाही.

गेल्या वर्षी गणपतींचा सगळा माल रवाना झाला आणि मग तो वारला. (महिपतींनी या वक्तशीरपणाचा आदराने उल्लेख केला.)

तेराव्याला भिंतीवर लावायला फोटो हवा, म्हणून त्याची बायको हौसा मालूला घेऊन पेणला आली. आधार कार्डावर फोटो होता, पण तो नक्की कोणाचा यावर घरात एकमत होत नव्हतं. दामोदरांनी संपूर्ण सहकार्य केलं. तीन दिवस संगणक धुंडाळून त्यांनी निष्कर्ष काढला.

कारागीर मागे आहे असे फोटो : चारशे अकरा.
टोपी ओळखू येते : नऊ.
शिंक आली असावी : एक.
चेहरा : निरंक.

"एवढ्यात एका जागी तोंड दिसत नाय?" हौसाने विचारलं.

"वहिनी, मागचं किती मऊ आलंय ते बघा," दामोदर म्हणाले. "रोह्यात कोणाला जमणार नाही असं."

"मऊ हाय, व्हय. माणूस कुठं हाय त्यात?"

या प्रश्नाला नियमांत उत्तर नव्हतं. (तिसऱ्यात असू शकेल.)

तेरावं परवावर आलं. शेवटी टोपीवाल्या नवांपैकी एक फोटो दामोदरांनी मोठा छापला, मूर्ती कापून टाकली आणि उरलेलं धुकं चौकटीत बसवून दिलं. मालूने ते घरी नेलं, काच काढली आणि वडिलांचा बारीक ब्रश हातात घेतला. आखणी ती त्यांच्याकडूनच शिकली होती. भुवया कुठे असतील, नाक कुठे, याचा अंदाज घेत तिने डोळे काढले. वडिलांचे डोळे तिला पाठ होते. हाताला मात्र एकाच प्रकारचे डोळे येत होते.

ब्रश खाली ठेवला तेव्हा टोपीखालून लांबट, शांत, किंचित खाली झुकलेले गणपतीचे डोळे बघत होते.

हौसाने चौकट उजेडाकडे धरली.

"डोळे त्यांचे नायत गो," ती म्हणाली.

मालूने पुसायला फडकं घेतलं.

"राहू दे. हात त्यांचाच हाय."

तेराव्याला फोटो भिंतीवर होता. एकाने जास्वंद वाहिलं, दोघांनी नवस बोलल्याचं समजतं. महिपतींनी डोळ्यांची लांबी बोटाने मापली आणि मालूला सोमवारपासून कारखान्यात बोलावलं. नव्या मोसमाचे फोटोही ठरले आहेत : मूर्ती पुढे, मालू मागे. भिंतीवरच्या चौकटीच्या कोपऱ्यात 'दामोदर, पेण' ही सोनेरी अक्षरं लख्ख दिसतात. मधोमध नावासाठी सोडलेली जागा कोरी राहिली. हौसा नवऱ्याचं नाव घेत नाही आणि दामोदरांनी ते विचारलं नव्हतं.

यात सगळा दोष दामोदरांचा, असं वाचकांचं मत झालं असेल तर ते रास्तच आहे. फक्त एक करावं. डोळे काढणाऱ्या त्या माणसाचं नाव या मजकुरात एकदा आलेलं आहे. वर न बघता सांगावं.

दामोदर आठवतात. महिपतीही. रोह्याचे गोपाळकृष्ण, ज्यांचा या प्रकरणाशी काडीचा संबंध नाही, तेसुद्धा आठवतात.

(तो कंसात होता, जरा मागे. वाईट वाटून घेऊ नये. आपलीही लेन्स चांगलीच महागडी दिसते.)