भिंगऱ्या

बाबा गेल्याच्या चौथ्या दिवशी बबनराव परतवाड्याहून पूर्णाकाठी आमच्या घरी आले. दारात चपला काढल्या, बाबांच्या फोटोला हात जोडले आणि आईला म्हणाले, "वहिनी, लय वाईट झालं. भाऊंनी वाम मासा शेवटी कधी पाह्यला होता?"

मला राग आला. आईने मात्र डोळे पुसत सांगितलं, "दोन वर्सं झाले असन."

बबनरावांनी खिशातली वही काढून लगेच लिहून घेतलं.

एसटीतली त्यांची कंडक्टरकी संपली होती, भाषा संपली नव्हती. पूर्णा नदी म्हणजे गाडी, मासे म्हणजे प्रवासी. "मरळ हाय अजून, सीट धरून. महाशीर कवाच उतरला. अन् हे चिलापी, बाहेरून आली, बिना तिकिटाची, समद्यायले रेटून राहिली!" कोणी मच्छरदाणीने पिल्लं गाळताना दिसला की चपलांसकट पाण्यात उतरत. "हाफ तिकिटं सोड आधी!" स्वतः माळकरी, मासा कधी तोंडात घातला नाही. पण काठावरच्या गावात जाळं टाकणारा म्हातारा गेला की हे पोचलेच. त्याच्याबरोबर माशांची नावंही जातात, म्हणत.

त्या दिवशी त्यांनी वही माझ्याकडे दिली. मी ग्रंथालयात नोकरी करणारा. बाबांच्या नदीत एवढं काही आहे हे मला ठाऊक नव्हतं. वाळूत स्वतःला पुरून घेणारे, हवा गिळायला वर येणारे, मिशांनी चिखल चाचपणारे. एकेकाची चार गावांत चार नावं. बाबा रोज संध्याकाळी या सगळ्यांतून घरी येत होते.

शेवटच्या पानावर नुसतंच नाव होतं: भिंगऱ्या.

"हा कोणता?"

"तेच तं हुडकून राहिलो," बबनराव खाली पाहत म्हणाले. "आमच्या मंडळीचं माहेर पूर्णाकाठचं. ती मले भिंगऱ्या म्हने. मी सदा ड्युटीवर, भिंगरीवानी फिरून राहिलो, म्हनून म्हनत असन, असं वाटे. ती गेल्यावर तिच्या भावानं सांगतलं, तो मासा असते. पन त्यानंबी पाह्यला नाई. आता तोबी उतरला असन तं?"

चार दिवसांत आई पहिल्यांदा हसली. "हाय तो, भाऊजी."

तेरवी झाल्यावर ती आम्हाला पूर्णेवर घेऊन गेली. गवताशी उथळ पाण्यात तिने जुन्या लुगड्याचा तुकडा बुडवला, दोनदा रिकामा काढला. तिसऱ्यांदा आलं ते बबनरावांच्या ओल्या तळव्यावर ठेवलं. नखाएवढा मासा. ऊन त्याच्यातून आरपार जात होतं. बाभळीच्या पानासारखे बारीक काटे दिसत होते, आणि त्यांच्याखाली एक लाल ठिपका धडधडत होता.

"भिंगाचा, काचेवानी, म्हनून भिंगऱ्या," आई म्हणाली. "याले आतलं काईच लपवता येत नाई."

बबनराव त्या ठिपक्याकडे पाहत राहिले. मग हात पाण्यात नेऊन उघडला.

"आमाले लेकरू नाई, वहिनी," ते म्हणाले. "मी डेपोच्या नळावर डोळे धुऊनच घरी जात होतो. मले वाटे, तिले मालूम नाई."