लवू धुरी मोपाला उतरला

लवू धुरीच्या घरात विमान रनवेवर असताना मिक्सर लावायला बंदी होती.

लालबागच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत विमान कुठून आलं? टीव्हीतून आलं. काही लोक विमानात खिडकीशी बसतात, फोन काचेला टेकवतात आणि टेकऑफपासून लँडिंगपर्यंत अख्खं शूट करून यूट्यूबवर टाकतात. त्यात बोलणं नाही, गाणं नाही. पंख, ढग आणि इंजिनाची घरघर, बस. हे असलं कोण बघतं? लवू बघतो. परळच्या औषधाच्या दुकानातून सुटला की घरी येऊन हातपाय धुवायचे आणि प्लास्टिकच्या खुर्चीत बसायचं. बाजूला दुसरी खुर्ची, शेजारच्या प्रवाशासाठी. टीव्ही मुद्दाम डाव्या हाताच्या भिंतीला, कारण विमानात खिडकी समोर नसते, बाजूला असते. अख्खं घर मान वाकडी करून सिरियल बघायचं, पण टीव्ही हलला नाही.

"अहो, चटणी वाटायचीय," बायको सुभद्रा मिक्सरवर हात ठेवून म्हणायची.

"थांब गं, नाक उचलतंय."

"कोणाचं?"

"विमानाचं!"

विमान वर जाऊन सरळ झालं की मगच चहा. तोही ट्रेमधून.

आता गंमत अशी, की लवू स्वतः आयुष्यात कधी विमानात बसला नव्हता. कोणी विचारलं तर म्हणायचा, "बसायचं ना, नीट बसू. घाई कसली?" त्याची मुलगी मेघना कॉलेजात होती आणि तिची जीभ मिक्सरच्या पात्यासारखी होती. ती म्हणायची, "बाबा बसतील तेव्हा पायलट मागे येऊन विचारणार, काका, आता कुठलं बटण दाबू?"

हे असंच चाललं असतं. पण मध्ये जत्रा आली.

धुरींचं गाव बांद्याच्या पुढे. तिथे रवळनाथाच्या पालखीवर अब्दागिरी धरायचा मान लवूच्या घराचा. अब्दागिरी म्हणजे लांब दांड्याची झालरवाली छत्री. लवूच्या आजाने धरली, बापाने धरली, आता लवू धरतो. तो गेला नाही तर मान भाऊबंदातल्या दशरथकडे जायचा, आणि एकदा गेला की परत येत नाही. दशरथ कधीपासून डोळा ठेवून बसला होता. सुटका एकच. माणूस खरंच आजारी असेल तर गुरव देवापुढे नारळ ठेवतो, देव त्या वर्षापुरती रजा देतो आणि मान घरातच राहतो.

यंदा लवूने गावी राजारामकाकाला फोन करून सांगितलं, की पाठीचा मणका सरकलाय, डॉक्टर एसटीत बसायला नको म्हणतात. मणका होता, तेवढं खरं. सरकला होता की नाही ते मणक्यालाच माहीत. जत्रेच्या दिवशी टोकियोहून कोणीतरी लाईव्ह उड्डाण दाखवणार होतं, हे तो काकाला बोलला नाही. काका बिचारा हळहळला. नारळ ठेवला. देवाने रजा दिली.

जत्रेच्या आदल्या संध्याकाळी लवूला यूट्यूबवर मुंबई ते मोपाचा नवीन व्हिडिओ सापडला. मोपा म्हणजे गोव्याचा नवीन विमानतळ, त्याच्या गावापासून हाकेच्या अंतरावर. लवूचं भान गेलं. चाकं टेकायच्या वेळेला त्याने टीव्हीची स्क्रीन फोनवर शूट केली आणि ओरडला, "उतरलो! मोपाला उतरलो! काय मख्खन लँडिंग!" त्याच वेळी सुभद्रा कचऱ्याची पिशवी घेऊन मागे उभी होती. ती म्हणाली, "अहो, ती बॅग घ्या नि उतरा आता खाली."

लवूने क्लिप स्टेटसला टाकली, कचरा टाकायला गेला, खाली तासभर विमानांच्या गप्पा हाणून वर आला. तोवर फोन वाजत होता.

काकाला स्मार्टफोन मिळून आठवडाच झाला होता. नातू धनेशने घेऊन दिला होता. काका सगळ्यांचे सगळे स्टेटस बघायचा, गुड मॉर्निंगसकट.

"लवू, खंय आसस?"

"घराक आसंय, काका."

"खोटा बोला नको. मोपाक उतारलंस तां अख्ख्या वाडीन बघल्यान."

"काका, तो टीव्ही! यूट्यूबवरचा व्हिडिओ!"

"टीव्हीत तुझो आवाज खंयसून इलो? उतरलो उतरलो म्हणान बोंबलतस तू. सून म्हणता, बॅग घ्या नि उतरा. माका काय बहिरो समाजलंस?"

"ती कचऱ्याची पिशवी, काका!"

"इमानात कचरो घेवन कोण बसता रे?"

काकाचा आवाज चढला. "धनेशाक गाडी घेवन मोपाक धाडलंय. तो म्हणता थंय तू नाय. मगे गेलंस खंय? मी सांगतंय खंय. पेडण्याक, सासुरवाडीक! देवाक मी सांगलंय पाठ दुखता म्हणान. आता देव इचारतलो, पाठ दुखता तो सासुरवाडीचे बांगडे खावक कसो पोचलो?"

लवूचा चेहरा उतरला. आजारी माणसाला रजा असते. गावच्या वेशीपर्यंत येऊन देवाला पाठ दाखवणाऱ्याला नसते.

"दशरथ देवळात जावन बसलो पण," काका म्हणाला. "अब्दागिरी पुसता मेलो."

मेघना अभ्यास सोडून आली. "बाबा, व्हिडिओ कॉल करा. घर दाखवा. विषय संपला."

इतकी सरळ आयडिया होती, की लवूला स्वतःचाच राग आला. त्याने खुर्चीत बसून व्हिडिओ कॉल लावला. पण टीव्हीवर पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू झाला होता, आणि लवूच्या डाव्या कानाशेजारी पांढरे ढग पळत होते.

"बघ काका, घर!"

काका स्क्रीनला डोळा लावून बघत बसला. मग म्हणाला, "अजून इमानातच आसस?"

"टीव्ही आहे तो!" लवूने फोन टीव्हीजवळ नेला. त्यामुळे काकाला फक्त खिडकी, पंख आणि ढग दिसले. घर सगळं गेलं.

"परत चललंस!" काका किंचाळला. "सासुरवाडीक जेवलंस आणि परत चललंस मुंबयक!"

"नानांना बोलवा, नानांना," सुभद्रा म्हणाली. नाना शेजारच्या खोलीतले. बँकेतून रिटायर झालेले, इस्त्रीचा शर्ट, घरातही चष्म्याला दोरी. त्यांच्या शब्दाला चाळीत वजन होतं. नाना आले आणि रिकाम्या खुर्चीत लवूला चिकटून बसले.

"नमस्कार राजारामराव. मी यांच्या शेजारी असतो. हे इथून हललेले नाहीत, हे मी खात्रीने सांगतो."

"कोण हो?" काकाने लवूला विचारलं. "बाजूच्या शिटीवरचो?"

"हो," नाना म्हणाले. त्यांना वाटलं, काका खुर्चीचं विचारतायत.

एवढ्यात सुभद्राने सवयीने ट्रे पुढे केला. काकाला दिसला फक्त बांगड्या घातलेला हात आणि दोन कप.

"चाय पण इली! बरी सेवा करतत हां."

मेघनाने कपाळावर हात मारला आणि टीव्हीचा स्विच बंद केला. ढग गेले, काळी चौकट राहिली.

"खिडकी बंद केलंस?" काकाचा आवाज कापत होता. "माका तोंड दाखवूक नको म्हणान खिडकी बंद केलंस? लवू, उद्या दिवे लागतले तेव्हा पालखी भायर पडतली. तू दिसलंस तर दिसलंस. नायतर अब्दागिरी दशरथाची."

फोन बंद.

दहा मिनिटांत सुभद्राचा वाजला. पेडण्याहून तिचा भाऊ विनीत. "ताई, भावोजी येऊन गेले म्हणे? राजारामकाका आईला फोनवर वाट्टेल ते बोलले. म्हणजे आमच्याकडे बांगडे खाल्ल्याचं नाव, आणि पाय पण ठेवला नाही घरात? आई रडतेय. आता बांगडे आणायला पाठवलंय मला."

सुभद्राने फोन ठेवला. माहेराचं नाव निघेपर्यंत ती शांत होती. "आता तुम्ही जायचं," ती म्हणाली. "उद्या. विमानाने. एसटीने वेळेत पोचाल याचा भरवसा नाही, आणि मला दशरथच्या बायकोचं हसणं बघायचं नाही."

"विमानाने?" लवूचा आवाज एकदम बारीक झाला.

"का? रोज तर जाता."

मेघना तोवर फोनवर तिकीट काढायला लागली होती. लवू तिच्या खांद्यावरून वाकला. "डावी बाजू घे. पंखाच्या मागे. पंखावर नको, खालचं दिसत नाही. आणि..."

"बाबा, एकच खिडकी शिल्लक आहे. घेऊ की टोकियोला जाऊन येताय आधी?"

"घे घे."

दुसऱ्या दिवशी लवू विमानतळावर लग्नातल्या नवऱ्यासारखा निघाला. शर्ट नवा, फोन फुल चार्ज, काच पुसायला मऊ फडका खिशात. लायनीत पुढे उभ्या असलेल्या माणसाला त्याने न विचारताच हे विमान कुठलं, इंजिन कुठलं, सगळं सांगून टाकलं. माणूस दुसऱ्या लायनीत गेला. लवू विमानात चढला, आपली रांग शोधली, खिडकीच्या सीटवर बसला, खिशातला फडका काढला आणि डावीकडे वळला.

भिंत होती.

पुढच्या रांगेला खिडकी. मागच्या रांगेला खिडकी. याच्या रांगेला गुळगुळीत पांढरी भिंत. लवूने हात फिरवून पाहिला, कुठे झडप-बिडप आहे का. नव्हती.

"मॅडम," त्याने हवाई सुंदरीला हाक मारली, "इथे खिडकी नाही."

तिने तिकीट बघितलं, गोड हसली. "सर, हीच विंडो सीट आहे."

"पण विंडो?"

"सर, बेल्ट लावून घ्या."

मधल्या वाटेपलीकडे एक बाई बसली होती. तिला अख्खी खिडकी मिळाली होती. तिचं झाकण तिने खाली ओढलं आणि तोंड उघडं टाकून झोपली. लवूच्या डोक्यात गेलं, पण बाईमाणसाला काय बोलणार?

विमान सुटलं. त्याने हजारदा पाहिलेलं सगळं त्या भिंतीपलीकडे चाललं होतं. आधी पंख हलले असतील, मग झोपडपट्ट्या, मग समुद्र. पाठ मात्र खरीच सीटला दाबली गेली, व्हिडिओत कधी जात नाही तशी. मानेचं काय, ती इतक्या वर्षांच्या सवयीने डावीकडेच वळून बसली होती. शेवटी त्याने फोन काढला, डाउनलोड केलेला मुंबई-मोपा लावला आणि भिंतीला टेकवून धरला. ढग आले. चहावाली ट्रॉली पण आली. मग कुठे त्याला विमानात बसल्यासारखं वाटलं.

मोपाला चाकं इतकी जोरात आदळली, की फोन पायाशी पडला. मख्खन-बिख्खन काही नाही. भिंतीचा एक फोटो काढून लवू उतरला, तोवर मान अखडली होती आणि कमरेत कळ मारत होती.

विमानतळावरून बांद्यापर्यंत टॅक्सी मिळाली. पुढे जत्रेच्या गर्दीमुळे छोट्या गाड्या अडवलेल्या, फक्त एसटी सोडत होते. खच्चून भरलेल्या एसटीत दांड्याला लोंबकळत लवू गावात पोचला, तेव्हा दिवे लागत होते. देवळासमोर एसटी थांबली. अख्खी वाडी तिथेच. लवू एक हात मानेला, एक कमरेला लावून वाकडातिकडा खाली उतरला. दशरथच्या हातात अब्दागिरीचा दांडा अर्धा आला होता.

काका धावत आला. लवूकडे बघितलं, एसटीकडे बघितलं, परत लवूकडे. डोळ्यात पाणी.

"मेल्या, अशी पाठ घेवन एसटीन इलंस?"

"नाय काका, इमानान इलंय."

"आता पुरे. लाज सोड." काकाने त्याला कुशीत घेतलं, लवू कळवळला. "काल तू सांगत होतंस, तो टीव्ही आसा म्हणान. मीच आयकूक नाय. आज पटला."

"काका, काल टीव्ही होता, पण आज खरोखर विमान..."

"मगे व्हिडिओ दाखव," धनेश मध्ये तोंड घालून म्हणाला. "खिडकीतलो."

लवूने फोन काढला. पांढऱ्या भिंतीचा फोटो दाखवला. धनेशने तो उलटासुलटा करून पाहिला. "ह्यां काय? संडास?"

"बघ!" काका वाडीकडे वळला. "हो माणूस टीव्हीतला इमान बघून बोंबाबोंब करता. खरोच बसलो असतो तर खिडकीचो व्हिडिओ टाकल्याशिवाय रवलो असतो?" मग दशरथकडे बोट केलं. "मणको सरकलेलो आसताना रातभर एसटीत आपटत इलो. देवासाठी! सोड तो दांडो."

लवूने तोंड उघडलं. दशरथने दांडा सोडला. लवूने तोंड मिटलं.

तेवढ्यात गर्दीतून विनीत आला, हातात डबा. "भावोजी, आईने बांगडे दिलेत. जत्रा झाल्यावर खा. तुम्ही काल आला नव्हता, हे पटलं आम्हाला."

पालखी उठली. लवू अब्दागिरी धरून चालू लागला, मान डावीकडेच वळलेली. बायका एकमेकींना सांगत होत्या, बघ गो, कसो दुखता बिचाऱ्याक. खिशात फोन थरथरला. मेघनाचा मेसेज होता. 'बाबा, खिडकीतला व्हिडिओ टाका ना लवकर. आई मिक्सर बंद करून बसलीय.'

काका शेजारून चालत होता. मायेने म्हणाला, "परत जाताना एसटी नको हां. धनेश तुका इमानात बसवतलो. एकदा तरी बस रे खरोखर. आणि खिडकीच घे. खिडकीशिवाय कसली मजा?"