प्रतीक पोटात गेलं

आल्विन ट्वेट मास्तरांना जगात सरळ अशी एकही गोष्ट दिसत नसे. मिनेसोटातल्या एल्म फॉल्स गावच्या शाळेत अकरावीला जुन्या अमेरिकन कथा शिकवता शिकवता त्यांचे केस पिकले होते, आणि त्या कथांमध्ये म्हणे दार कधी नुसतं दार नसतं! दार म्हणजे संधी, कुंपण म्हणजे समाज, आणि खिडकीतला दिवा विझला की समजायचं, नायक धर्मसंकटात सापडला! आता तो खरं बोलणार की अब्रू वाचवणार, यावर मास्तर आठवडाभर बोलायचे. "माणसाची पारख तिथेच होते!" असं म्हणत फळ्यावर खडू असा आपटायचे की पहिल्या बाकावरची पोरं पांढरी व्हायची.

असा माणूस प्रेमात पडला तर सरळ सांगेल का? छे!

प्रेम बसलं होतं बर्निस हॉगनवर. बर्निस शाळेची बस चालवायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, आवाज खणखणीत, बर्फात रुतलेली बस पोरांना खाली न उतरवता बाहेर काढणारी बाई. उन्हाळ्यात मास्तर शिडीवरून पडले, पाय मोडला, तेव्हापासून दर गुरुवारी ती त्यांच्याकडे हॉटडिश घेऊन यायची. खाली खिमा, मध्ये मशरूमचं सूप, वर बटाट्याच्या कुरकुरीत गोळ्या. पाय कधीच बरा झाला होता. मास्तर मात्र गुरुवारी न चुकता लंगडायचे.

मिनेसोटात कुणाचं भांडं रिकामं परत करायचं नाही, हे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. मास्तर कधी सफरचंदं घालायचे, कधी जॅमची बाटली. पण ऑक्टोबर लागला आणि त्यांनी मनाशी पक्कं केलं, या खेपेला भांड्यात काळीज ठेवायचं! त्यांनी ट्यूलिपचे चार टपोरे कंद आणले. कंद आता मातीत पुरायचा, हिवाळाभर तो बर्फाखाली वाट बघणार आणि वसंतात लालभडक फुलणार. उशिरा आलेलं प्रेम! इतकं स्पष्ट प्रतीक तर अकरावीच्या शेवटच्या बाकालाही कळलं असतं.

"हे काय मास्तर?" आपल्या दारातच भांड्याचं झाकण उचलून बर्निसने विचारलं.

"हे... येणाऱ्या हिवाळ्यासाठी," मास्तर लाजत म्हणाले. "तुम्ही नीट विचार करा. घाई नाही."

"यात विचार कसला करायचा? लगेच वापरते की!"

लगेच! मास्तर घरी आले ते हवेत तरंगतच. लंगडायचंसुद्धा विसरले.

रविवारी चर्चच्या तळघरात सगळ्या गावाचं जेवण होतं. मास्तर ठेवणीतला टाय लावून पोचले. लांब टेबलावर हॉटडिशची रांग लागली होती आणि पास्टर लुंडीन प्रार्थना सुरू करण्याच्या बेतात होते. तेवढ्यात बर्निस टेबलाआडून हसून म्हणाली, "मास्तर, तुमचे कांदे घातलेत हं आज! पण कुठून आणले हो? डोळ्यांना पाणी म्हणून नाही आलं!"

मास्तरांच्या डोळ्यांना मात्र तिथल्या तिथे आलं. अहो, ट्यूलिपचा कंद खाल्ला तर माणूस आडवा होतो! विषारीच असतो तो! बर्निसच्या अंगणात गवताशिवाय काही उगवलेलं नव्हतं, तिला बिचारीला कुठून कळणार?

"चला, माना खाली घ्या," पास्टर म्हणाले. सगळ्यांनी डोळे मिटले.

आता आमेन होईपर्यंत काय तो निर्णय घ्यायचा! सांगावं, तर कंद का दिले हे आख्ख्या गावासमोर आलं. न सांगावं, तर गाव आजारी पडलं. इतकी वर्षं मास्तरांनी हाच प्रश्न परीक्षेत वीस गुणांना घातला होता. कथेतला नायक अशा वेळी दोन पानं खिडकीबाहेर बघतो. तळघराला खिडकीच नव्हती!

मग मास्तरांना वाटलं, हे सगळं आपणच संपवलं तर? ना रहेगा बोभाटा! त्यांनी मोठा चमचा उचलला आणि बर्निसच्या हॉटडिशमधून गपागपा खायला सुरुवात केली.

"आमेन!"

लोकांनी डोळे उघडले. मास्तरांचे गाल टम्म फुगलेले, टायवर सूप!

"मास्तर!" वाढपाची प्रमुख आर्डिस ओरडली. "प्रार्थना चालू असताना? लाज नाही वाटत?"

"भूक... लागली होती," मास्तर तोंडातल्या तोंडात म्हणाले.

बर्निस तर खुलली. "अगं खाऊ दे गं त्यांना! पण मास्तर, बाकीच्यांनाही ठेवा!" असं म्हणत तिने भांडं ओढून घेतलं आणि समोरच्या लहान मुलीच्या ताटात भला मोठा डाव वाढला. मुलीने चमचा उचलला.

"खाऊ नकोस!" मास्तर किंचाळले. "कुणीही खाऊ नका! त्यात विष आहे!"



"विष?" बर्निस म्हणाली. "माझ्या हॉटडिशमध्ये?"

तिचा तो खणखणीत आवाज पार बसला होता. रोज सकाळी आपली पोरं तिच्या बसमध्ये बसवणारे सगळे आईबाप तिच्याकडे बघत होते. ते बघितलं आणि मास्तरांना स्वतःची अब्रू आठवेनाशीच झाली.

"यांची काही चूक नाही! सगळी माझी आहे! ते कांदे नव्हते. ट्यूलिपचे कंद होते. मी दिले. प्रतीक म्हणून!"

"कशाचं प्रतीक?" आर्डिसने विचारलं.

"बर्फाखाली... वाट बघण्याचं."

"बर्फ कुठे पडलाय अजून?" मागून कुणीतरी म्हणालं.

"म्हणजे वसंतात... जे आत दडलेलं असतं ते..."

"मास्तर," बर्निस डाव खाली ठेवून म्हणाली, "मी बस चालवते. डावीकडे वळायचं असलं की डावीकडचा दिवा लावते. मागच्याला कळावं म्हणून! तुम्हाला वळायचंय कुठे?"

"तुमच्याकडे. मला तुमच्याशी लग्न करायचंय."

कुणाचा तरी काटा खाली पडला. आणि तेवढ्यात पास्टर लुंडीन उभे राहिले, चेहरा कागदासारखा पांढरा.

"मलाही काही कबूल करायचंय," ते म्हणाले. "माझं ताट मी आधीच भरून घेतलं होतं. आणि आमेनच्या आधी... वास फार छान येत होता हो... दोन-तीन घास..." एवढं बोलून ते तोंडावर हात धरून पळाले!

मग काय विचारता! कुणी डॉक्टरांना फोन लावला, कुणी पाणी आणलं. डॉक्टरांनी सांगितलं, जीवाला धोका नाही, उलट्या मात्र सपाटून होतील. या गडबडीत बर्निसने काय केलं, तर भांडं उचललं, आख्खी हॉटडिश कचऱ्याच्या डब्यात उपडी केली, आणि एक शब्द न बोलता जिना चढून निघून गेली.

संपलं! मास्तर पोट धरून घरी आले आणि सोफ्यावर आडवे झाले. पोटातलं दुखणं जास्त की त्याच्या वरचं, काळजातलं, हे त्यांना सांगता आलं नसतं.

अंधार पडायच्या आत बाहेर बस थांबल्याचा आवाज आला. बर्निस बादली घेऊन आत आली आणि सोफ्याशेजारी खुर्ची ओढून बसली.

"तुम्ही सगळं कचऱ्यात टाकलंत," मास्तर क्षीण आवाजात म्हणाले. "म्हणजे..."

"म्हणजे ते विषारी होतं."

"आणि काही न बोलता गेलात. त्याचा अर्थ..."

"अर्थ हा, की पास्टरांना घरी सोडायचं होतं. त्यांची अवस्था बघवत नव्हती."

बर्निसने मास्तरांच्या टायवरचं वाळलेलं सूप नखाने खरवडलं. मग तिचा हात तिथेच राहिला.

"आणि हो," ती म्हणाली.

"हो... म्हणजे?"

"अहो, हो म्हणजे हो, आल्विन!" तिचे डोळे भरून आले होते, कांदा नव्हता तरी. "गुरुवारची वाट काय मी उगाच बघत होते?"

मास्तर कसेबसे उठून बसले. आयुष्यभर शिकवलेली सगळी सुंदर वाक्यं त्यांच्या ओठांवर गोळा झाली. त्यांनी तिचा हात हातात घेतला, तिच्या डोळ्यांत बघितलं, आणि बोलायला तोंड उघडलं.

बर्निसने एकदा त्यांच्या चेहऱ्याकडे नीट निरखून बघितलं आणि चटकन बादली पुढे केली.

"आधी हे होऊन जाऊ दे," ती म्हणाली. "मग बोला."