डासांविषयी लोकगुरूंचे विचार

शहरातला मुख्य रस्ता रुंद करायचा होता आणि एक घर मध्ये येत होतं. घर लोकगुरूंचं, म्हणजे वारून बरीच वर्षं झालेल्या, त्यामुळे सर्व पक्षांना सारख्याच पूज्य असलेल्या पुरुषाचं. तिथे त्यांची ऐंशीची मुलगी एकटी राहायची. शेजारीपाजारी तिला आक्का म्हणत. सरकारदरबारी तिचं पद 'कन्या' असं होतं.

घर पाडलं तर लोक खवळणार, म्हणून रस्तेमंत्र्यांनी सभेत डोळे पुसत सांगितलं, "लोकगुरूच म्हणून गेलेत, देशाच्या वाटेत माझं घर आलं तर पहिली कुदळ माझ्याच उंबऱ्यावर मारा."

लोक गहिवरले. आक्काचा सगळा जन्म त्या घरात गेलेला, आता जायचं कुठे? ती काठी टेकत मंत्र्यांच्या दालनात गेली.

"बाबा असं कधी बोलले नाहीत हो."

"तुम्ही तेव्हा लहान असाल."

"ते गेले तेव्हा मी चाळिशीची होते."

"मग कामात असाल," मंत्री मायेने म्हणाले. "घरच्यांना ते नुसते वडील म्हणून माहीत. त्यांचे विचार आमच्या वाट्याला आले."

आक्का तडक विरोधी नेत्याकडे गेली. त्याने तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, समोर कॅमेरे लावले आणि विचारलं, "आक्का, मग ते खरं काय म्हणायचे?"

खोटं बोलायची सवय नसल्याने आक्का फसली. बाबा घरात फारसे बोलतच नसत. "रोज संध्याकाळी म्हणायचे, दार लावून घ्या, डास येतात."

नेत्याचा चेहरा उजळला.

सकाळी भिंतोभिंती झळकलं: 'दार लावून घ्या! – लोकगुरू'. बाहेरून पोटासाठी येणाऱ्यांचा धोका त्यांनी तेव्हाच ओळखला होता, असं नेता गरजला. डास कोण, ते सगळ्यांना न सांगता कळलं. आक्काकडे धुणंभांडी करणारी बाई लांबच्या मुलखातून आलेली होती. तिच्या खोलीच्या दारावर कुणीतरी रंगाने 'डास' लिहिलं आणि ती यायची बंद झाली. आक्काला त्या रात्री जेवण गेलं नाही.

मंत्री मागे कसे राहतील? ते सभागृहात म्हणाले, "डासांचा धोका आम्हालाही मान्य आहे. पण डास होतात कुठे? जुन्या घरांत."

विरोधकांना लोकगुरूंच्या शब्दाबाहेर जाता येईना. घर पाडायचा ठराव एकमताने झाला.

"अहो, डास म्हणजे डास," आक्का अधिकाऱ्याला सांगत राहिली.

"हा एक अन्वयार्थ झाला," तो म्हणाला. "आपण तो लेखी द्यावा."

घर गेलं. दार तेवढं जपलं, सोनेरी रंग देऊन चौकात उभं केलं, अर्थात लावून घेतलेलं. आक्काला वृद्धाश्रमात खाट मिळाली. तिथल्या खिडकीला जाळी नाही. संध्याकाळी ती हातांनी डास मारत बसते.

'दार लावून घ्या!' हे वाक्य परवा सकाळी तुम्हीही उगवत्या सूर्यासकट, लोकगुरूंच्या फोटोसकट ग्रुपवर पुढे पाठवलंत. फोटोतले गृहस्थ लोकगुरू नव्हेत, ते आक्काचे मामा. तुम्हाला कसं माहीत असणार? पण त्याच ग्रुपवर एका म्हातारीने तसं कळवलं होतं, आणि लोकगुरूंचा अपमान झाला म्हणून तुम्हीच तिला काढून टाकलंत.