धोंड्याच्या वाणात पॉवर सप्लाय

विजयमालासाठी कॉम्प्युटर तयार आणायचा नाही, सुटे पार्ट घेऊन घरीच जोडायचा, असं गहिनीनाथने ठरवलं तेव्हा त्याला ते काम सायकल जोडण्याइतकं सोपं वाटलं होतं. (सायकलही त्याने एकदा जोडली होती. ती अजून फक्त उजवीकडेच वळते.)

गहिनीनाथ वडवणीत खत-बियाण्यांच्या दुकानात कामाला होता. त्याची शाळा नववीत सुटली आणि बोलणं त्याच्याही आधी सुटलं. गिऱ्हाइकाने युरिया मागितला की तो मान हलवायचा. युरिया संपलेला असला की जरा जास्त वेळ हलवायचा. विजयमाला मात्र बारावी झालेली आणि जिभेची तिखट. तिला टायपिंगची परीक्षा द्यायची होती. पास झाली की क्लासवाल्या बाई तिला तिथेच शिकवायला ठेवणार होत्या. पण बीडच्या त्या क्लासात मुली रग्गड आणि कॉम्प्युटर मोजके, त्यामुळे तिची पाळी येईपर्यंत वडवणीची शेवटची गाडी निघून जायची. घरी सराव झाला तरच काही खरं होतं.

म्हणून गहिनीनाथ महिन्याला एकेक पार्ट आणू लागला. बंद पडलेल्या नेट कॅफेतला स्क्रीन आला. कॅबिनेट आलं, मदरबोर्ड आला, डिस्कमध्ये एका मित्राने सगळं भरून दिलं. राहिला फक्त पॉवर सप्लाय. मोबाईलवर तो रोज त्याचेच व्हिडिओ बघायचा. सगळ्यांचं सांगणं एकच होतं, की बाकी कुठेही काटकसर करा पण इथे करू नका, स्वस्तातला डबा स्वतः जातो आणि जाताना बाकीच्यांनाही घेऊन जातो. तेव्हापासून तो इतका सावध झाला, की निवड करता करता उन्हाळा आला. विजयमाला कुठेच न जोडलेला कीबोर्ड मांडीवर घेऊन सराव करायची.

"काय टाईप केलंस?" तो विचारायचा.

"कुणाला दिसतंय? शिव्या दिल्या तरी कळायच्या न्हाईत तुमाला," ती म्हणायची. मग त्याचा चेहरा बघून, "दिल्या न्हाईत बरं."

अशात अधिक महिना लागला आणि माजलगावहून सासऱ्यांचा, म्हणजे मोहनरावांचा फोन आला. मोहनराव उसाचे बागायतदार. त्यांचा आवाज फोनशिवायही वडवणीपर्यंत आला असता.

"जावईबापू, धोंड्याचा महिना हाय! अंगठी करू का चांदीचं ताट?"

गहिनीनाथने मान हलवली.

"हॅलो? ऐकू येतंय का?"

त्याने पुन्हा मान हलवली. विजयमालाने फोन ओढून घेतला.

"आबा, ह्यांना पॉवर सप्लाय पाहिजे."

"ते काय असतंय?"

"कॉम्प्युटरला करंट पुरवणारा डबा."

"डबा? अगं माले, लोक जावयाला सोनं घालतेत अन् मी डबा देऊ? भावकी काय म्हणंल?"

"मग भावकीलाच बसवा माझ्या परीक्षेला!"

मोहनरावांनी फोन ठेवला. दुसऱ्याच दिवशी ते जावयाला घेऊन बीडच्या दुकानात हजर झाले. दुकानदाराने काउंटरवर दोन डबे मांडले. एकाला लाल-निळे दिवे होते आणि त्यावर मोठ्या अक्षरात हजार वॅट लिहिलेलं. दुसरा काळा, मुका, साडेपाचशे वॅटचा. किंमत जवळपास सारखीच.

"हे दिव्याचं द्या," मोहनराव म्हणाले. "कावून कमी घ्यायचं? पोरीचा बाप जित्ता हाय अजून."

गहिनीनाथचे कान तापले. मान हलवून भागणार नव्हतं, कारण मान नेहमी होकारार्थीच हलायची.

"मामा," तो म्हणाला. पुढचं वाक्य यायला वेळ लागला. तोवर दुकानदाराने पंखा वाढवला. "दिवे नुसते दिसायला हायेत. वर लिहिलेले वॅट खरे असतीलच असं न्हाई. हे साधं बरं. ह्याला पाच वर्षांची वॉरंटी हाय अन् आपल्या मशिनीला एवढं लई झालं."

लग्नानंतरचं त्याचं हे सगळ्यात मोठं भाषण होतं. गोठ्यातला बैल बोलल्यावर बघावं तसे मोहनराव त्याच्याकडे बघत राहिले, आणि त्या धक्क्यातच त्यांनी काळा डबा घेतला.

इथवर सगळं बरं चाललं होतं. बिघडलं ते धोंड्याच्या जेवणाच्या दिवशी. वाण म्हटल्यावर भावकीला दिसलं पाहिजे, म्हणून तो पॉवर सप्लाय खोक्यातून काढून पाटावर मांडला होता, शेजारी अनारशांचं ताट. सासूबाई, म्हणजे कौशल्याबाई, निरांजन घेऊन आल्या आणि थबकल्या.

"अगं बया! काळी वस्तू वाणात? जावयाला काळं देतेत का कुणी?"

"आता रंग द्यायचा का त्याला?" मोहनराव म्हणाले.

"रंग कशाला? मी हाय की."

आणि कौशल्याबाईंनी ती काळी वस्तू शुभ करायला घेतली. हळद वाहिली, कुंकू वाहिलं, तरी काळं दिसतच होतं. मग त्यांनी कुंकवाने माखलेल्या अक्षता मूठभरून वाहिल्या. डब्याच्या पंख्याची जाळी वरच्या बाजूला होती. अक्षता जाळीवर पडायच्या, क्षणभर थांबायच्या आणि आत नाहीशा व्हायच्या. काळं काही झाकेना, म्हणून कौशल्याबाई आणखी मूठ घ्यायच्या.

गहिनीनाथ टोपी, टॉवेल आणि कपाळभर गंध घेऊन पाटावर बसला होता. त्या दिवशी जावई म्हणजे देव. देवाला मध्येच उठून ओरडता येत नाही.

"काय हो, पोटात दुखतंय का?" विजयमालाने हळूच विचारलं.

"तांदूळ आत गेले."

"जेवल्यावर आतच जाणार की!"

"डब्यात."

विजयमालाने बघितलं आणि पदर तोंडाला लावला. भावकीला वाटलं, पोरीला माहेर सोडायचं म्हणून भरून आलं.

घरी आल्यावर डबा हलवला तर खुळखुळ्यासारखा वाजला, उलटा केला तरी दाणे बाहेर येईनात. दाणा पंख्यात अडकला तर? आत काही जळलं तर? उघडावा तर स्क्रूवर स्टिकर, फाडलं की पाच वर्षं गेली. शिवाय व्हिडिओवाले बजावून सांगायचे की ह्याच्या आतला शॉक वाईट. परीक्षा जवळ येत होती आणि कीबोर्ड मांडीवरच होता.

"मी आईला सांगते," विजयमाला म्हणाली.

"नको. किती मायेनं वाहिल्या त्यांनी. वाईट वाटंल."

"अन् मी नापास झाल्यावर काय वाटंल?"

त्याला तेही वाईटच वाटणार होतं. अशा वेळी तो काहीच करायचा नाही. मोहनराव फोनवर विचारायचे, "चालतंय का मशीन?" आणि विजयमालाने फोन घ्यायच्या आत हा म्हणून जायचा, "झकास!" एरवी न बोलणारा माणूस, पण खोटं मात्र एका शब्दात जमून गेलं. त्याचा परिणाम एवढाच झाला, की पुढच्या रविवारी झकास मशीन बघायला सासू-सासरे दारात उभे राहिले.

"लावा," मोहनराव स्क्रीनसमोर ऐसपैस बसत म्हणाले.

गहिनीनाथने पॉवर सप्लाय उचलला. तो वाजला.

"ह्ये काय वाजतंय?" कौशल्याबाईंनी विचारलं.

विजयमाला बोलणार होती, पण तिने ओठ मिटून नवऱ्याकडे बघितलं. तिच्या मांडीवर कीबोर्ड होता. गहिनीनाथने एकदा त्या कीबोर्डकडे बघितलं आणि जमिनीकडे बघत म्हणाला, "मामी, तुमच्या अक्षता आत पडल्यात. मशीन अजून चालूच केलं न्हाई. मी मामांना खोटं बोललो."

मोहनराव उठायला लागले. कौशल्याबाईंनी त्यांना हाताने खाली बसवलं.

"मग त्याच दिशी सांगायचं न्हाई का? अक्षता माझ्या मालकीच्या हायेत व्हय? चुलीत पडल्या तर मी चूल पूजत बसू का?" त्या हसत सुटल्या. "माले, सूप आण."

"मामी, सूप कशाला?"

"जन्मभर पाखडलंय मी. तुमी बाजूला सरा."

कौशल्याबाईंनी पाय पसरले, मांडीवर सूप ठेवलं आणि त्यात पॉवर सप्लाय जाळी खाली करून धरला. कडेला बोटांनी टिचकी, एक तिरका झटका, पुन्हा टिचकी. लाल तांदूळ टपटप सुपात पडू लागले. मध्येच त्या डबा कानाशी न्यायच्या आणि म्हणायच्या, "उजव्या कोपऱ्यात हाय मेला." मग त्या कोपऱ्याला झटका. मोहनराव श्वास धरून बघत होते. अखेर डबा मुका झाला. तरी त्यांनी आणखी दोनदा पाखडला, आणि कापसाचं एक वस्त्रही बाहेर आलं, जे कुणाच्या लक्षातच नव्हतं.

गहिनीनाथने डबा बसवला, वायरी जोडल्या आणि पाठीमागे वाकून बटण दाबलं. पंखा फिरला. आत उरलेली सगळी हळद पाठीमागच्या जाळीतून त्याच्या तोंडावर आली.

"बघा, आता खरे जावई दिसतेत!" कौशल्याबाई म्हणाल्या.

स्क्रीन उजळला. विजयमालाने कीबोर्ड जोडला, एक अक्षर दाबलं आणि ते समोर उमटलेलं बघून नुसती हसली. गहिनीनाथचा त्या हसण्यात सगळा उन्हाळा वसूल झाला.

"लिव्ह काहीतरी, माले," मोहनराव म्हणाले. "इतिहासात राहू दे."

तिची बोटं भराभर चालली. मोहनरावांनी मोठ्याने वाचलं, "हा कॉम्प्युटर आबांनी दिला, आईने पाखडला, म्हणून चालू झाला."

सासू-सासरे खूष होऊन माजलगावला गेले. ते दिसेनासे होताच गहिनीनाथ तोंड पुसत स्क्रीनपाशी आला. ओळ त्याने पुन्हा पुन्हा वाचली. मग बराच धीर गोळा करून म्हणाला, "माझं नाव कुठंच न्हाई."

विजयमालाने कीबोर्डवरून नजर उचलली नाही.

"परीक्षेत घड्याळ लावून बसवतेत. तुमचं नाव लई लांब हाय. तेवढ्यानंच नापास व्हायचे मी."